डावा गाल

पडण्याआधी पिंकी नवी पेठेत रामहरीशेठच्या दुकानात नवरीच्या साड्या दाखवायची. दाखवायची म्हणजे पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून गालाशी धरायची, की गिऱ्हाईक गप्पगार! मग मोहोळच्या रस्त्यावर स्कूटर घसरली, डावा गाल खडीवर खरवडला आणि जखम भरली तरी काळा डाग मागे राहिला. शेठ वाईट नव्हता, गिऱ्हाईक तुटेल म्हणून घाबरत होता. "डाग जाऊ दे, मग काउंटरवर ये," म्हणत त्यानं तिला मागे घड्या घालायला बसवलं. घड्या घालून पोरीचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्वचेच्या डॉक्टर अर्शींनी दुहेरी उपाय काढला. लेसरनं डागाचा काळेपणा फोडायचा आणि तिच्याच रक्तातला जखम सावरणारा भाग वेगळा करून गालात टोचायचा. महिन्याला एक, अशा तीन खेपा. दोन खेपांत डाग निम्म्यावर आला. तिसरी नेमकी लग्नसराईच्या तोंडावर होती.

आणि त्याच आठवड्यात वळसंगला चुलतबहिणीची हळद! नवरीची उरलेली हळद लावली की पोरीचं लग्न लवकर जमतं, म्हणून आई सोनाबाईनं ती पिंकीच्या गालावर खसाखसा चोळली. वर म्हणाली, "हळदीनं डाग बी जातो की!"

गाल बघून अर्शींनी कपाळाला हात लावला. "पिवळ्या, चुरचुरणाऱ्या कातडीवर लेसर मारायचा? तीन आठवडे थांब."

"मंजे माझा सीझन गेला की वो!"

"साड्या गालानं विकतेस की जिभेनं?"

पिंकी तडक दुकानात आली आणि काउंटरमागे उभी राहिली.

"डाग गेला?" शेठनं विचारलं.

"निम्मा गेलाय. उरलेला जाईल तवा जाईल. मी आता मागं बसनार न्हाय."

शेठ तोंड उघडतो तोच अक्कलकोटच्या गिऱ्हाईक मायाक्का लेकीला घेऊन आल्या. नवरी होती ती, काव्या. पण हनुवटी ओढणीनं घट्ट झाकलेली. "ल्हानपनी भाजलीया," आईनं सांगून टाकलं.

पिंकीनं पदर डाव्या गालाशी धरला. काव्या साडी सोडून गालच बघत राहिली.

"दुखतं का?"

"थोडं टोचतं. पन डाग कमी होतोय, बघ की."

काव्यानं ओढणी सोडली. पिंकीकडून पदर मागून घेतला, स्वतःच्या हनुवटीशी धरला आणि आरशात बघून हसली. मायाक्कांचे डोळे भरून आले, पिंकीचेही.

शेठनं वरच्या फळीवरचा भारी शालू स्वतः उतरवून पिंकीच्या हातात दिला.

"ह्यो बी दाखव. तूच."