गोणपाट उचलायचं कोणी?

परसातल्या वाफ्यात ओलं, मातकट असं काहीतरी पसरलेलं दिसतंय ना, तो मी. गोणपाट. पायपुसणं समजून पाय देऊ नका, माझ्याखाली कोणीतरी झोपलेलं असतं.

मी तागाचा. ताग पाण्यात भिजत पडला होता तेव्हाचं फारसं आठवत नाही, नुसतं गार आणि हिरवं काहीतरी आठवतं. मग मी विणला गेलो, पोतं झालो, तांदूळ वाहिले. पोत्यात काय आहे ते माणसं विचारतात, पोत्याला कोणी काही विचारत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अंधारात दाण्यांची कुजबुज ऐकत पडून राहायला मला आवडायचं.

एक दिवस मला उसवून एका शिलाई मशीनभोवती गुंडाळलं. मशीनची मालकीण कपडे शिवायची. तिचा नवरा वारला आणि ती भावाकडे राहायला आली. भाऊ बस चालवायचा, वहिनी इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला. मशीन खोलीत गेलं, मी परसात आलो आणि ती पलंगावर आडवी झाली ती उठेचना. ऊन खिडकीतून आत यायचं, भिंतीवरून फिरून निघून जायचं, तरी ती त्याच कुशीवर.

फक्त एका दुपारी ती बाहेर आली. नवऱ्याने कुंडीत वाढवलेल्या घेवड्याच्या बिया तिच्या रुमालात होत्या. त्या सगळ्या तिने वाफ्यात पेरल्या, एकही मागे ठेवली नाही, आणि पुन्हा जाऊन झोपली.

बिया उगवल्या. मागोमाग गोगलगायी आल्या. पाठीवर शंख नसलेल्या, बोटभर लांब, बुळबुळीत. घरातली मुलं त्यांना शेंबड्या म्हणायची. अंधार पडला की त्या निघत, कोवळी रोपं कुरतडत आणि मातीवर चांदीचा दोरा सोडून पसार होत.

डेपोतल्या माळ्याने भावाला उपाय सांगितला. संध्याकाळी गोणपाट भिजवून अंथरायचं, ओलाव्याला गोगलगायी खाली जमतात, सकाळी ते उचलून त्या वेचायच्या. भावाने मला भिजवलं. कितीतरी वर्षांनी मी पाण्याने जड झालो. वाटलं, आपण अजून विणलेच गेलो नाही, अजून कुठेतरी उभे आहोत, वाऱ्यावर डोलतोय.

पण सकाळी मला कोणी उचललंच नाही. भाऊ पहिल्या बसवर जायचा, त्याला वाटे बायको उचलेल. वहिनी मुलांचे डबे भरून कामावर पळायची, तिला वाटे नवरा उचलून गेला असेल. गोगलगायींना अशी धर्मशाळा कुठे मिळणार? दिवसभर माझ्या गारव्यात लोळायचं, अंधारात शेजारीच जेवायचं. मी चोरांना पांघरूण घालत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

माझ्या एका कोपऱ्याखाली एक जाडा बेडूकही राहायचा. तोही गोगलगायी खायचा, पण एकटा किती खाणार? त्याचं पोट माझ्या धाग्यांना लागून वरखाली व्हायचं. मला त्याची सवय झाली होती.

रोपं मोजकीच उरली तेव्हा वहिनीने दुकानातून विषारी निळ्या दाण्यांची पुडी आणली. हे टाकले की विषय संपला, असं ती नवऱ्याला सांगत होती. इतक्यात खिडकीतून आवाज आला.

"आणि शेठ?"

"कोण शेठ?" वहिनीने विचारलं.

"कोपऱ्यातला बेडूक. पोट सोडून बसतो ना, दुकानात गल्ल्यावर बसल्यासारखा. दाणे खाल्लेली गोगलगाय त्याने खाल्ली तर तोही मरेल."

तेव्हा मला कळलं, ती झोपलेली नसायची. कुशीवर पडून ती आम्हालाच बघत असायची.

वहिनीने पुडी उलटी करून मागचं वाचलं. शेजारची बदकं कुंपणाखालून येतात, तेही तिला आठवलं असावं.

"वन्सं, तुमच्या शेठजींना मी कशाला मारू?" ती म्हणाली. "पण मग सकाळी गोणपाट उचलायचं कोणी? उरलेली रोपं गेली तर दुसरं बी आहे का तुमच्याकडे?"

"नाही," खिडकीतून उत्तर आलं. मग अगदी हळू, "मी उचलेन."

"चिमणे, तू उठेपर्यंत त्या जेवून, झोपून, परत जेवायला निघतील," भाऊ हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. भाऊ गेला. वहिनी गेली, जाताना मुद्दाम माझ्याकडे न बघता. ऊन भिंतीवर आलं, मी वरून सुकू लागलो. दार बंदच. ऊठ गं बाई, मी मनात म्हणत होतो.

कडी वाजली. ती अनवाणीच आली, केस विस्कटलेले. माझं टोक दोन बोटांत धरून तिने उचललं आणि किळस येऊन लगेच सोडून दिलं. आत निघून गेली. संपलं, मला वाटलं. पण ती धागे ओढायचा चिमटा घेऊन परत आली. उसवलेला टाका काढावा तशी एकेक गोगलगाय तिने डब्यात टाकली आणि डबा शेजारच्या बदकांपुढे रिकामा केला. शेठच्या अंगावर माझा कोपरा हळूच परत घातला.

रोजच ती आली असं नाही. काही दिवस कडी वाजली नाही, आणि खालची काही पानं अजून त्याची साक्ष देतात. पण हळूहळू वाजू लागली. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायचं तिनेच ठरवलं, म्हणजे रात्री माती कोरडी राहते आणि गोगलगायींना सरकणं जड जातं. पाखरंही पाला उचकून त्यांची अंडी टिपू लागली. वहिनीने पुडी दुकानात परत दिली. दुकानदाराशी भांडूनच आली, म्हणा.

घेवडा आता काठीवर चढलाय. मी मात्र विरत चाललोय. कडा मातीत मिसळल्या, मधून घेवड्याची मुळं डोकावतात. कुठे मी संपतो आणि कुठे माती सुरू होते, ते मलाही नीट सांगता येत नाही. दुखत नाही, झोप येते तेवढीच.

आजकाल कितीतरी सकाळी माझ्याखाली एकही गोगलगाय नसते. उठायची तशी गरज नाही. तरी कडी वाजते. ती येते, मला उचलते, बघते आणि परत अंथरते.

मी पुरता विरलो की वाफ्यात दुसरं गोणपाट टाका. खाली काही सापडो न सापडो, सकाळी तिला उचलायला काहीतरी असू द्या.