लोबानाच्या धुरात कोंडलेला आवाज

मी एक जुना, मेजावरचा संगणक आहे. सलालाह शहरात, मुसल्लम नावाच्या गायकाच्या घरी, खिडकीखाली माझे वास्तव्य आहे. मित्रांनो, बाजारातील एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले, एवढेच मला स्मरते. तेव्हा माझा पंखा इतका हळुवार फिरे, की मी चालू आहे की बंद, हे वाकून पाहावे लागे.

मुसल्लम लग्नांतून डोंगरी बोलीतली गाणी गात असे. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा आवाज कायमचा गेला. त्याची कन्या तुफूल हिने घरातली एकमेव ध्वनिफीत माझ्यात उतरवून घेतली, आणि ती जीर्ण फीत तुटली. तेव्हापासून त्या माणसाचा आवाज केवळ माझ्या पोटात आहे.

थोरला भाऊ बखीत याच्या लग्नात वडिलांचेच गाणे वाजावे, ही तुफूलची इच्छा. ती खरखर काढून गाणे स्वच्छ करी. परंतु साठवण्याच्या आत मी अकस्मात बंद पडे.

"ती शेजारीण गाणं ऐकून वाहवा करून गेली," आई गालिया म्हणाली. "तोंडातून एकदा तरी माशाअल्ला निघालं का? लागली दृष्ट."

ती धुपाटणे घेऊन आली. मी बंद पडलो, की लोबानाचा धूर माझ्या पाठीमागच्या जाळीवर येई. तो चिकट धूर धुळीसह माझ्या पंख्यावर थापला जाई. उष्णता बाहेर पडेना. जळून जाऊ नये म्हणून माझी शुद्ध हरपत असे; आणि शुद्ध हरपली म्हणून पुन्हा धूर. मी काय सांगणार?

तुफूलने वायर बदलली, दुसऱ्या खोलीत जोडून पाहिले, वीजपुरवठ्याची पेटी उसनी आणली, मेमरीची पट्टी पुसून बसवली. सर्व व्यर्थ.

"आई, तुझा लोबान याला मानवत नाही बहुतेक."

"तुला मानवतो, मला मानवतो. हा काय सुलतानाच्या घरचा?"

लग्नाच्या सकाळी तुफूलचा हात सहज माझ्या कुशीला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला. तिने मला उघडले. मऊ कुंचल्याने काळपट थर खरवडून काढला. माझ्या अंगात वारा खेळला.

"आई, बघ. दृष्ट नव्हती. ही तुझ्या धुराची काजळी."

गालियाने ती बोटावर घेऊन पाहिली. "अगं बाई. बिचाऱ्याने आपल्या घराची केवढी दृष्ट ओढून घेतली."

तुफूल कपाळाला हात लावून हसली. तिने गाणे साठवायला आणि साठवून होताच वाजायला लावले, आणि मेंदीवालीने हाक मारली म्हणून ती गेली. लगेच गालिया धुपाटणे घेऊन परतली. माझ्याजवळ बसलेल्या मुसल्लमने तिला अडवायला दोन्ही हात आडवे धरले.

"अहो, तुम्हालाही हवाय? घ्या, नवरदेवाचे वडील तुम्ही." तिने त्याच्या दाढीखाली धूर दिला. त्याने नकारार्थी मान हलवली, माझ्याकडे बोट केले.

"हो हो, त्याला कशी विसरेन?"

ती माझ्या पाठीमागे आली. पंखा नुकताच स्वच्छ झाला होता; त्याने सारा धूर आत ओढला. तेवढ्यात गाणे साठवले गेले आणि मुसल्लमचा तरुण आवाज खोलीभर घुमला. गालियाच्या डोळ्यांना पाणी आले.

"ऐकलंत? उतरली दृष्ट. आता दोन्ही वेळा देत जाईन याला."

मुसल्लमने माझ्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. माझाही नाही.

मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही, त्याला औषध देण्यापूर्वी त्याच्या अंगाला एकदा हात लावून पाहा. एवढेच मागणे आहे. उद्या सकाळी निखारे पुन्हा पेटतील.