तुडुमाची दोन कुलपं

लाखनीजवळच्या एका तलावाचं पाणी वरची टोली आणि खालची टोली अशा दोन वस्त्यांना पुरत होतं. माणुसकी तेवढी पुरली नाही. चार वर्षांपूर्वी पाण्यावरून डोकी फुटली. तेव्हापासून पाणी सोडायच्या तुडुमावर दोन कुलपं होती. एकाची चावी वरच्यांकडे, दुसऱ्याची खालच्यांकडे. दोन्ही उघडल्याशिवाय पाणी हलत नसे. मधल्या काळात बोलणंही हललं नव्हतं.

यंदा शेवटच्या पावसानं दगा दिला. धान लोंबीवर आणि त्याची खाचरं, म्हणजे बांध्या, भेगाळलेल्या. वरच्या टोलीतल्या देवाजीचे तीन एकर फार तर चार दिवस तगणार होते. म्हणून वरच्यांनी बोलणी करायला त्यालाच धाडलं.

भेटायची जागा ठरण्यात तीन दिवस गेले. शेवटी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, मधोमध दोन सतरंज्या पडल्या. चहा आपापल्या घरचा. समोर खालच्या टोलीचा मोतीलाल होता. पाणी दोघांनाही हवं होतं, त्यामुळे बोलणी पाऊण तासात आटोपली.

"मंग उघडा," मोतीलाल म्हणाला.

"आधी तुमचं."

"चावी नाही आणली. तुम्ही हिसकून घेतली असती."

देवाजीनं खाली पाहिलं. "मी बी त्याच भेवानं नाही आणली."

"आणायले माणूस धाडा."

"आधी तुम्ही धाडा."

ऊन चढत होतं. देवाजी उठला, पलीकडे गेला आणि मोतीलालच्या सतरंजीवर बसला. त्यांचा चहा त्यानं स्वतःच कपात ओतला.

"चावी येईपर्यंत मी तुमच्यापाशी गहाण, भाऊ. आता तं धाडा."

मोतीलालनं चावी आणायला माणूस धाडला. चावी आली, खालच्यांचं कुलूप निघालं. देवाजीनं आपल्या टोलीत इश्वरला फोन लावला. वरची चावी त्याच्या कमरेला असे.

"इश्वर, चावी घेऊन ये. त्यायनं उघडलं."

"काकाजी, आमी पाळीकडेच पाहून राहिलो," इश्वर म्हणाला. "तुम्ही त्यायच्या सतरंजीवर बसून त्यायचा चहा पिऊन राहिले. तुमच्या सांगण्यावर चावी कशी देऊ?"

फोन बंद झाला. मोतीलालनं सगळं ऐकलं होतं. उघडं कुलूप त्यानं हातात घेतलं, पण लावलं नाही.

"संध्याकाळवरी थांबतो," तो म्हणाला आणि त्यानं देवाजीचा कप पुन्हा भरला.

त्या सतरंजीवरून देवाजीच्या बांध्या फार नीट दिसत होत्या.