सहावा सोमवार

आईची कात्री उचलायला तिला आता दोन्ही हात लागत. आईमागे शिवणाचं दुकान तिच्याकडे आलं, आणि आईचा सांधेवातही. सकाळी बोटं अशी आखडलेली असत, की काजं करणं दुपारवर ढकलावं लागे.

डॉक्टरांनी तिला तिच्याच धंद्याच्या भाषेत समजावलं होतं. सांध्याला आतून अस्तर असतं. शरीराचे पहारेकरी त्यालाच चोर समजून झोडपत सुटतात. अस्तर सुजतं, मग हाड कुरतडलं जातं. दुखण्यावरची गोळी ठणका आणि सूज तेवढ्यापुरती उतरवते, पहारेकऱ्यांना आवरत नाही. त्यांना आवरते ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. "तिला दोन-तीन महिने द्या. आणि सांगेन तेव्हा रक्त तपासायचं, चुकवायचं नाही."

पाच सोमवार झाले. फरक नावालाही नव्हता.

"तुझी गोळी पायी निघालीय वाटतं," बटणं लावता लावता मावशी म्हणाली. "ताईची ती दुखण्यावरची लाल गोळी घे की. अर्ध्या तासात हात मोकळा. ताईनं सगळं आयुष्य काढलं तिच्यावर."

"हो ना. दिवसाला चार-चार. मूत्रपिंडं कशानं गेली मग?"

मावशीनं पुढचं बटण उचललं.

खडू शोधताना आईची मापांची वही हाती आली. शेवटच्या पानावर आईचं टपोरं अक्षर होतं: 'सोमवारची गोळी'. खाली पाच उभ्या रेघा. आणि मग, 'गुण नाही. बंद.'

तिनं रेघा पुन्हा मोजल्या. पाचच. आई गेल्यापासून आज पहिल्यांदाच तिला आईचा राग आला. कापडाला चार वेळा माप लावल्याशिवाय कात्री न घालणारी ही बाई, आणि इथे एवढी घाई.

मावशीनं वही ओढून घेतली, चष्मा वर करून वाचली.

"वाट बघायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं."

"मला सांगितलंय."

तिनं पाण्याबरोबर आजची सोमवारची गोळी घेतली. पेन्सिल मुठीत धरून आईच्या पाच रेघांशेजारी सहावी ओढली. वाकडीतिकडी आली. मग तिनं कोटाचं कापड टेबलावर पसरलं आणि दोन्ही हातांनी कात्री उचलली.

"कापड ताणून धर, मावशी."

मावशीनं धरलं. "पुढच्या सोमवारी विसरलीस तर मी आहे," ती म्हणाली.