आठ आकड्यांपायी

मी जुना झालोय हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या चिडचिडीचं तुम्हाला नवल वाटायचं नाही. मित्रांनो, मी एका घरातला राउटर. तळमजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या फळीवर, घड्याळ आणि औषधांचा डबा यांच्या मधोमध माझी जागा. मला दोन अँटेना आहेत. त्यातली एक जळमटं काढताना झाडूचा दांडा लागून मोडली, ती चिकटपट्टीने बांधून ठेवली आहे. तोंडावर चार हिरवे दिवे, पाठीला एक बारीक भोक आणि पोटाखाली चिकटवलेली एक चिठ्ठी, एवढाच माझा संसार. दिवे लागले तर कुणी शाबास म्हणत नाही. एक विझला, की सगळं घर माझ्या अंगावर धावून येतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही शेकड्यांनी एकामागे एक चाललो होतो. एका बाईने माझं झाकण दाबून बसवलं, दुसरीने वीज देऊन तपासलं, तिसरीने पोटाखाली ती चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर माझा पहिला पासवर्ड छापलेला होता. बारा अक्षरं, आणि त्यात शून्य कुठलं नि इंग्रजी ओ कुठला, हे छापणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. मग खोका, मग गोदाम, मग दुकानातली काळोखी मांडणी.

तिथून मला घरी आणलं ते ऑपरेटरबाईंनी. एका मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या बोर्डावर काम केलं होतं. निवृत्त झाल्या तरी ओळखीचे लोक त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. कुठल्या वॉर्डाचा नंबर काय, कुठला डॉक्टर दुपारी कुठे सापडतो, सगळं त्यांच्या जिभेवर. वहीबिही त्यांनी कधी जवळ केली नाही. मला खोक्यातून काढल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. असं माणूस आमच्यातल्या फार थोड्यांच्या नशिबी येतं. मग चिठ्ठीवरचा पासवर्ड पाहून त्यांनी नाक मुरडलं आणि तो बदलून आठ आकडे टाकले. मनातले आकडे, मनातच ठेवले. कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलं नाही. माझ्या पुढच्या सगळ्या वैतागाची सुरुवात ही अशी झाली.

पण पहिली चार वर्षं सुखाची गेली, हे नाकारणार नाही. रविवारी कोरड्या फडक्याने त्या मला पुसायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "शहाणा आहे हो हा, कधी रुसत नाही." दुपारी एकच्या ठोक्याला लेकीला कामावर फोन लावायच्या आणि "जेवलीस का?" एवढंच विचारायच्या. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बसडेपोत गाड्यांचं वेळापत्रक सांभाळायचं तिचं काम, म्हणून तिचं उत्तर नेहमी घाईचं असायचं.

मग एके सकाळी बाई या खोलीतच कोसळल्या. हातातला मोबाईल त्यांच्या अंगाखाली सापडून फुटला. शेजाऱ्यांनी गाडी बोलावली, त्यांना नेलं, दार ओढून घेतलं आणि मी रिकाम्या घरात दोन महिने उगाच लुकलुकत राहिलो. अंगावर धुळीचा थर चढला.

बाई परतल्या त्या चाकाच्या खुर्चीतून. उजवा हात मांडीवर निपचित. डोळे तेच, सगळं समजणारे, पण वाचा गेलेली. दोनच शब्द उरले होते, "तेच ते." पाणी हवं का? तेच ते. पंखा लावू? तेच ते. उशी टोचते का? तेच ते. त्यांना म्हणायचं असायचं एक, तोंडातून यायचं हे. स्वतःचाच आवाज ऐकून त्या डोळे गच्च मिटून घ्यायच्या.

लेक रजा काढून राहायला आली. बाईंची कॉट तिने बाहेरच्या खोलीत, माझ्या समोरच मांडली. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलण्याचे उपचार लवकर सुरू व्हायला हवेत, सुरुवातीचे महिने पुन्हा मिळत नाहीत. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट दुसऱ्या शहरातली. ती व्हिडिओ कॉलवर शिकवायची, आणि सात आठवडे वाट पाहून तिची पहिली वेळ मिळाली होती. शुक्रवारी चार वाजता. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

शुक्रवारी बारा वाजता लेक म्हणाली, "एकदा कॉल नीट लागतो का बघून घेऊ." तळमजल्यावर मोबाईलचा सिग्नल बोलण्यापुरता येतो, चित्रापुरता येत नाही. समोरच्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. शेजारचं बिऱ्हाड कुलूप लावून गावाला गेलेलं. तेव्हा तिने वायफाय उघडलं, माझं नाव दिसलं आणि फोनने विचारलं, पासवर्ड?

"आई, वायफायचा पासवर्ड काय गं?"

"तेच ते," बाई म्हणाल्या.

लेकीने मला फळीवरून उचललं, उलटं केलं, चिठ्ठी वाचली. शून्य घालून पाहिलं, ओ घालून पाहिलं. मला दोन्ही वेळा नकार द्यावा लागला. मित्रांनो, माझ्या नोकरीतला हाच भाग मला सोसत नाही. खरे आठ आकडे माझ्या पोटात असतात, समोर घरचंच माणूस घामाघूम झालेलं असतं, आणि तरी मी आपला नाही, नाही, नाही.

तिने मामाला बोलावलं. मामा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच ना? माझी बहीण आहे ती. तिच्या डोक्यात काय असतं ते मला विचार."

त्याने बाईंचा वाढदिवस घातला. नाही. लेकीचा घातला. नाही. मग घसा खाकरून म्हणाला, "माझाच असणार बघ." नाही. त्याचा चेहरा असा पडला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यानंतर लग्नाची तारीख, घराचा क्रमांक, एक ते आठ सरळ, आठ ते एक उलटे. बाई कॉटवरून बघत होत्या. डाव्या हाताचं बोट चादरीवर टकटक आपटत होत्या. "तेच ते! तेच ते!"

"हो आई, एक मिनिट. तुझ्यासाठीच चाललंय सगळं," लेक त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली.

मग शोधाशोध सुरू झाली. कपाट, खण, डब्यांची झाकणं, गादीची खोळ. केव्हाच भंगारात गेलेल्या इस्त्रीचं वॉरंटी कार्ड सापडलं. सुटी बटणं सापडली, मामाचा हरवलेला चष्मा सापडला. पासवर्ड लिहिलेला कागद सापडेना, कारण तो नव्हताच. मी वरून ओरडत होतो, अरे, जिला ठाऊक आहे ती समोर बसलीये! पण माझं ओरडणं म्हणजे चार दिवे. ते पाहून मामा म्हणाला, "चालू तर दिसतोय मेला."

अडीच वाजता लेकीने इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. बरीच गाणी ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"मॅडम, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

"तो मोबाईल फुटलाय. सिमही सापडलं नाही."

"मग ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांना फोन द्या."

"अहो, त्यांना बोलता येत नाही!"

"मॅडम, ग्राहकांशी बोलल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही."

लेकीने दात ओठ खात फोन बाईंच्या कानाला लावला.

"नमस्कार, आपलं पूर्ण नाव सांगता का?"

बाईंचे ओठ हलले. त्यांनी पुष्कळ जोर केला, मानेची शीर तटतटली. "तेच ते."

"माफ करा, आवाज नीट आला नाही. आपलं पूर्ण नाव?"

एकतीस वर्षं जिने परक्या लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले, त्या बाईला आपलं नाव सांगता येईना. लेकीने फोन हिसकावून घेतला. पलीकडची मुलगी तरी काय करणार? तिने माणूस पाठवते म्हणून सांगितलं. सोमवारी.

साडेतीन वाजले. मामाला एकदम काहीतरी सुचलं. "त्याच्या पाठीला भोक असतं बघ. त्यात पिन खुपसून धरायची, की सगळं पहिल्यासारखं. मग चिठ्ठीवरचा पासवर्ड चालतो."

अर्धं खरं होतं. पिन दहा सेकंद दाबली, की मी कोरा होतो हे खरं. पण कोरा झालो की कंपनीने माझ्यात भरलेली माहितीही पुसली जाते, आणि ती पुन्हा भरायला तोच सोमवारचा माणूस लागतो. पासवर्ड लागला असता, इंटरनेट गेलं असतं. हे माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. त्या घरात ते पुस्तक एकाच व्यक्तीने वाचलं होतं.

लेकीने सेफ्टी पिन उघडली, मला हातात घेतलं आणि भोक शोधू लागली. पिनेचं टोक माझ्या पाठीला लागलं, एवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. बाईंनी डाव्या हाताने स्टुलावरचा पाण्याचा ग्लास लोटून दिला होता. पाणी चादरीवर उडालं, कॉटखाली गेलं, औषधाच्या गोळ्या भिजल्या.

"आता काय, आई?" लेक किंचाळली. "सकाळपासून काय चाललंय तुझं? काय हवंय? बोल ना!"

बोलून गेली आणि जागच्या जागी थिजली. मामा खिडकीबाहेर बघायला लागला.

ती मला घेऊन तशीच कॉटच्या कडेवर बसली. ओल्या चादरीवरच. "मला कळत नाही गं," म्हणाली. "खरंच कळत नाही." मग काय वाटलं कोण जाणे, अर्ध्या रागाने, अर्ध्या हताशपणे तिने फोन आईच्या पुढ्यात धरला. "घे. तुला येतो ना? तूच टाक."

साडेतीन तास सगळे बाईंना विचारत होते. फोन त्यांच्या हाताशी कुणीच दिला नव्हता.

"अगं, तिला काय जमणार आहे आता?" मामा म्हणाला.

बाईंचं बोट थरथरत पडद्यावर गेलं. एक आकडा दोनदा उमटला, पुढचा चुकला. मला पुन्हा नाही म्हणावं लागलं. या घरात दिलेला तो माझा सगळ्यात जड नकार.

"बघ, म्हटलं नव्हतं?" मामा म्हणाला.

"मामा, तू गप्प बस जरा." लेकीने दोन्ही हातांनी फोन आडवा, घट्ट धरला. "परत टाक, आई. घाई नाही." पावणेचार झाले होते, आणि घड्याळावर पोट भरणारी ही मुलगी घाई नाही म्हणत होती!

या खेपेला बाईंनी पडद्याकडे फारसं पाहिलंच नाही. बोट आपलं आपण चाललं, बोर्डावर चालायचं तसं. एक आकडा, मग दुसरा. तिसऱ्याला थोडं अडखळलं, पुन्हा निघालं. पाचव्या आकड्याला लेक एकदम पुढे वाकली.

"हा तर... हा माझ्या टेबलावरचा नंबर आहे. डेपोतला."

उरलेले तीन आकडे आईने टाकले. मी इतक्या तातडीने कधी कुणाला आत घेतलं नसेल.

ज्या फोनचा रिसीव्हर लेक दिवसातून पन्नास वेळा उचलायची, त्याचाच नंबर. तिने मोबाईल मांडीवर ठेवला. "आणि मी रोज म्हणायचे, आई, कामात आहे, नंतर बोलू," एवढंच पुटपुटली. बाईंनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, तसा तो घसरून खांद्यावर आला, आणि तिथेच राहिला.

चार वाजता थेरपिस्ट पडद्यावर आली. चित्र एकदाही अडकलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो. तिने बाईंना चाळीस मिनिटं शिकवलं आणि शेवटी लेकीला म्हणाली, "त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा."

"दहापर्यंत म्हणजे किती सेकंद?" लेकीने विचारलं. सवय ती सवय.

"मोजून बघा, कळेल," थेरपिस्ट हसून म्हणाली.

त्या संध्याकाळी लेकीने मला पुसलं आणि माझ्या पोटाखालच्या चिठ्ठीवर ठळक पेनाने ते आकडे लिहिले. बाईंनी नाक मुरडलं. मला गुदगुल्या झाल्या.

नवा शब्द यायला पाच आठवडे लागले. मामा कॉटशेजारी बसून बहिणीच्या वतीने बोलत होता. तिला काय हवंय, तिला काय आवडत नाही, तिला उजेड कसा सोसत नाही, आता पडदा ओढायला हवा. तो पडद्याकडे निघाला, तशा बाई म्हणाल्या, "थांब."

स्पष्ट. थोडा चढ्या आवाजात. चांगल्याच वैतागून.

मामा हात वर केलेला तसाच उभा राहिला. लेक स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली. बाईंनी सावकाश मान वळवली आणि उघड्या खिडकीतून रस्त्याकडे मनसोक्त बघत बसल्या.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवत जा. आमच्या अंगावर अधूनमधून फडकं मारा, आणि ऊठसूट पाठीत पिन खुपसू नका. आणि घरात कुणाला बोलायला वेळ लागत असेल, तर विचारून लगेच पाठ फिरवू नका. दहापर्यंत मोजा. माझा सारा जन्म आकड्यांत गेला, म्हणून सांगतो, दहा हा अगदी लहान आकडा आहे.