एका नाण्यावर दोन नवस

मी पाच रुपयांचं नाणं बोलतोय. लंकेचं. पिवळं, जाडजूड, वरचा आकडा अजून चष्म्याशिवाय वाचता येतो.

उगाच नम्रपणा कशाला, उमेदीच्या काळात माझा चांगला रुबाब होता. कुरुनेगलच्या बाजारात मला फळीवर ठेवलं की अख्खा पाव मिळायचा, आणि वर सुटे परत. दुकानातले मुदलाळी, म्हणजे शेटजी, मला घ्यायला स्वतः गादीवरून उठायचे. पुढे पाव महागला, मग पावाचा तुकडा महागला, आणि शेवटी माझ्यात चोखायची गोळीसुद्धा येईना. रस्त्यात पडलो तर माणसं बघायची आणि पुढे जायची. कंबर वाकवण्याएवढीही माझी किंमत राहिली नव्हती.

पोडीमेणिके आच्ची, गावाची आजीच म्हणा, मात्र वाकली. बस थांब्यापाशी मला उचललं, पदराला पुसलं आणि घरी नेऊन बटणांच्या डब्यात टाकलं. तिथे मी बरीच वर्षं शर्टाच्या बटणांत आणि मोडक्या पिनांत पडून होतो. त्या डब्यातून बाहेर निघालो तो तिची मुलगी कुसुमलता कुवेतला निघाली त्या सकाळी.

कुसुमचा नवरा कधीच निघून गेलेला. मायलेकी दोघीच, आणि डोक्यावर गळकं छप्पर. छपरासाठी कुसुमने कुवेतमध्ये घरकामाचा दोन वर्षांचा करार केला होता. आमच्याकडे घरचं कुणी असं लांब निघालं की नाणं हळदीच्या पाण्यात धुऊन पांढऱ्या फडक्यात बांधतात आणि नवस बोलतात. माणूस परतलं की तेच नाणं देवाला वाहायचं, दुसरं चालत नाही. त्या वर्षी हळद अशी कडाडली होती की मला धुवायला लागलेली चिमूट माझ्याहून महाग होती. शेजारच्या यसवतीने ती आणून दिली आणि वर ऐकवलं, "पोडीअक्का, जपून धू. नवऱ्या मुलीलासुद्धा एवढी हळद मिळत नाही आता."

आच्चीने मला मुठीत धरलं. "कतरगामच्या देवा, माझी कुसुम दोन वर्षांत हातीपायी धड परत येऊ दे. मी स्वतः हे नाणं तुझ्या पायाशी आणीन." गाठ मारणार एवढ्यात तिचं लक्ष छपराकडे गेलं. "आणि हो, तिच्या दिनाराला इथे बरकत येऊ दे."

दोन नवसांना दोन नाणी लागतात, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण बाहेर गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, डबा पुन्हा कपाटावर गेलेला. तिने दोन्ही मागण्या माझ्यावरच भागवल्या आणि मला देवाच्या तसबिरीच्या खिळ्याला बांधलं. मी मनात म्हटलं, बाई, माझ्यात एक गोळी येत नाही, तू दोन नवस कसले बसवतेस!

तेव्हा एका दिनाराचे आमचे सहाशे व्हायचे. दोन वर्षं सरत आली आणि एक दिवस यसवती धापा टाकत दारात आली. "पोडीअक्का, नशीब उघडलं गं तुझं! दिनार बाराशेला टेकला! कुसुमला म्हणावं, आता येऊ नकोस. आत्ता परत येणारा वेडा!"

सगळं गाव तेच म्हणू लागलं. रविवारी कुसुमचा फोन आला. आच्ची फोन नेहमी लांब धरून ओरडून बोलते, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येतं.

"अम्मा, मॅडम म्हणते, अजून दोन वर्षं राहा. पुढच्या रविवारी सही करायचीये. दिनार दुप्पट झालाय म्हणे तिकडे. काय करू?"

आच्चीने तसबिरीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

फोन ठेवल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. "मी लोभी," ती म्हणाली. "दुसरं मागायला नको होतं. देवाने तेच आधी ऐकलं." मला फार वाईट वाटलं. बोलता आलं असतं तर मी तिची समजूत घातली असती.

आठवडाभर ती नीट जेवली नाही. शनिवारी बाजारातून आली ती तणतणतच. पिशवी जमिनीवर आपटली आणि कुंपणावरून यसवतीला हाक मारली.

"कुसुम गेली तेव्हा एका दिनारात तांदूळ किती यायचा गं?"

"सहा किलो यायचा की."

"आणि आज?"

यसवतीने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "पाच. तोही मुदलाळीने माप चांगलं घातलं तर."

"मग दुप्पट काय झालं, माझं कपाळ? देवाने दिनार वाढवला, मुदलाळीने तांदळाचा भाव वाढवला, आणि माझी पोर तिकडे दुसऱ्यांची भांडी घासत राहिली! आणि तू मला नशीब उघडलं म्हणून सांगतेस!"

"अक्का, मला काय ठाऊक? मी रेडिओवर ऐकलं."

"रेडिओला म्हणावं बाजारात जा."

त्या दिवशी आच्चीने पहिल्यांदाच स्वतःहून फोन लावला. ओरडणं मात्र नेहमीएवढंच.

"कुसुम, सही करू नकोस. ये."

"अम्मा, पण छप्पर?"

"गळू दे. बादल्या आहेत. तुझा दिनार तांदूळ आणतो गं, पण माझ्यासमोर जेवायला बसत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "इथे मॅडमची मुलगी दीड दिनाराची कॉफी घेते आणि अर्धी टाकून देते. मी रोज तो पेला धुते आणि तुझ्या तांदळाचा हिशेब करते. तू 'बरं' म्हणालीस, मला वाटलं तुला छप्परच हवंय."

"आणि मला वाटलं तुला राहायचंय!"

मग दोघी एकदमच रडायला लागल्या. फोनचे पैसे संपले तेव्हाच थांबल्या.

कुसुम आली त्याला आता तीन आठवडे झाले. हातीपायी धड आहे, फक्त वाळलीये. दोघी सकाळी नारळ कोण खवणार यावरून भांडतात. मी अजून खिळ्यालाच आहे, कारण देशात डिझेल नाही आणि कतरगामची बस बंद आहे. "देवाला कळतं," आच्ची म्हणते. मला काही घाई नाही.

पण बस सुरू होईलच. मग मी देवाच्या पेटीत हजार नाण्यांत पडेन आणि मला कुणी ओळखणार नाही. त्याआधी एवढंच सांगतो. तुमचं माणूस लांब जाईल तेव्हा माझ्यासारख्याला खुशाल हळद लावा, गाठ मारा, मनातलं सगळं बोला. पण "परत ये" हे त्या माणसालाही सांगा. मला सांगितलेलं कुवेतला ऐकू जात नाही.