हातमोजा घातलेली टॉर्च

नरहरीराव बोरकुट्यांना एखादी वस्तू गरम झाली आहे हे पटवून देणं, हा रमाबाईंच्या संसारातला कायमचा तोट्याचा व्यवहार होता. सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर झालेली. वितळलेल्या लोखंडाची धार डोळ्यांसमोरून वाहताना पाहिलेला माणूस. चहा उकळता प्यायचे, तव्यावरची पोळी बोटांनी उलटायचे, आणि मे महिन्यात स्मृति नगरातल्या घराच्या गच्चीवर अनवाणी जाऊन वाळवण उचलून आणायचे. रिटायर झाले तरी जगातली प्रत्येक उष्णता ते भट्टीच्या बाजूला ठेवून मोजत, आणि भट्टीच्या बाजूला ठेवलं की सगळंच थंड भरायचं.

टॉर्चही थंडच भरली.

ती घरात आली सासूबाईंपायी. सिंधुताई बाथरूमकडे जाताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या समोरच्या खोलीत पलंगावर होत्या. दोघांनी दोन बाजूंनी धरल्याशिवाय त्यांना उठून बसताही येत नसे. नरहरीरावांना त्या सापडल्या तेव्हा लाईट गेलेली होती. पॅसेजमध्ये इन्व्हर्टरवर एक लहान बल्ब लावून दे, असं आई पावसाळ्यापासून सांगत होती आणि हे ‘लावतो, लावतो’ करत होते. त्यामुळे आई आपल्यामुळेच अंधारात पडली, असं ते समजून बसले. दवाखान्यातून परत आल्यावर साधा बल्ब लावायचा, तर नाही. पॉवर हाऊस नावाच्या भागातल्या बाजारात गेले आणि मुसळाएवढी टॉर्च घेऊन आले.

उजेड कसला, प्रकरणच होतं. गच्चीवरून मारला तर लांबच्या पाण्याच्या टाकीवर रंगवलेली अक्षरं वाचता येत. समोरच्या गल्लीतले दयाराम साहू पहिल्याच दिवशी दारात आले आणि नम्रपणे म्हणाले, “साहब, टॉर्च बहुत बढ़िया है. हमारी अलमारी के अंदर तक दिखा.” नरहरीरावांनी ते कौतुकात जमा करून घेतलं.

पूर्ण जोरावर ठेवली की टॉर्च काही मिनिटांत तापायची आणि आपोआप मंद व्हायची. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की तापली की ती स्वतःला सांभाळण्यासाठी उजेड कमी करते. रमाबाईंनी तो कागद चष्मा लावून वाचला होता. नरहरीरावांनी त्याच कागदात जिरं बांधून ठेवलं होतं.

“कामचोर आहे,” ते म्हणत आणि बटण दाबून पुन्हा पूर्ण जोरावर करत. “जराशी ड्यूटी केली का झोपून राहते.”

“अहो, तापली म्हणून मंद झाली ते. बोट तरी लावून पाहा.”

“लावलं. कोमट आहे.”

यांचं कोमट म्हणजे इतरांच्या तळहाताला फोड. पण आईच्या हाताला चटका बसू नये एवढी जाणीव त्यांना होती. म्हणून त्यांनी ट्रंकेतून भट्टीवरचा जुना जाड हातमोजा काढला, त्याची बाही कापली आणि टॉर्चला मानेपासून बुडापर्यंत घट्ट शिवून घातली. आता वरून हात लावला तर काही कळायचंच नाही. आतली उष्णता आतच.

“पाहा, झाली का नाई थंडी?” नरहरीराव म्हणाले.

रमाबाईंनी कपाळाला हात लावला. ज्या माणसाच्या हाताखाली तीन पाळ्यांचे लोक काम करायचे, त्याला ज्वर चढलेल्या माणसावर दुलई घातल्याने ज्वर उतरत नाही हे सांगायचं तरी कसं?

पुढे टॉर्चच्या दोन सेलपैकी एक लवकर बसला. नवी जोडी आणायची, तर यांनी मुलाच्या, सुशीलच्या, बंद पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी फोडली, तिच्यातला एक सेल काढला आणि नव्याच्या मागे सरकवून दिला. त्याचं वरचं आवरण एका बाजूने सोललेलं होतं. त्यावर चिकटपट्टी लावली. चार्जिंगला लावायची जागा सिंधुताईंच्या उशाशी, कारण इन्व्हर्टरचा मोकळा प्लग तेवढाच.

रमाबाईंनी हैदराबादला सुशीलला फोन लावला. पोरगं इंजिनियर, निदान बापाला धाक तरी पडेल. सुशीलने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आई, तू बिलकुल सही बोलून राहिली. नवा-जुना सेल मिक्स नाई करत. पर बाबांचं भी फीलिंग समझ ना.” रमाबाईंनी फोन ठेवला. इंजिनियरिंगची फी भरली होती, फीलिंगची नव्हे.

“आई त्या खोलीत एकटी असते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “काही पेटलं तर तिले उठता येते का? मले फक्त एवढंच पाहिजे. ती टॉर्च त्या खोलीतून काढा. बाकी तुमी ती डोक्यावर बांधून फिरा.”

“आणि लाईट गेली तर? पुन्हा पाडू तिले?”

हे आलं की रमाबाई स्वयंपाकघरात परत जात. टॉर्च फेकून देणं कठीण नव्हतं. पण ती फेकली आणि आई पुन्हा पडली, तर नवऱ्याच्या हिशेबात ते पडणं रमाबाईंच्याच खात्यावर आलं असतं.

मग एका संध्याकाळी वावटळ सुटली आणि सगळ्या स्मृति नगरची लाईट गेली. नरहरीरावांनी टॉर्च पूर्ण जोरावर लावून आईच्या पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभी केली, उजेड छताकडे. बाहेर फांदी कुठे पडली ते पाहायला गेले आणि चौकात चार लोकांना ट्रान्सफॉर्मर कसा चालतो ते समजावू लागले.

रमाबाई स्वयंपाकघरात होत्या. आधी वास आला, जळक्या रबराचा आणि त्यात काहीतरी गोडसर, डोकं उठवणारं. मग सिंधुताईंचा आवाज, “रमा! अवं रमा, हे काय बसून राहिलं खाली?”

स्टूल बसत होतं. टॉर्चखालचं प्लास्टिक मऊ होऊन खड्डा पडला होता, टॉर्च पलंगाकडे कलली होती आणि हातमोज्याच्या शिवणीतून धूर येत होता. सिंधुताईंनी चादरीचं टोक ओढून धरलं होतं. त्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. त्यांना सरकताही येत नव्हतं. रमाबाईंनी सांडशीने टॉर्च पकडली, हात लांब ठेवून, मागच्या दारातून अंगणातल्या फरशीवर टाकली आणि दार लावून घेतलं. परत येऊन त्यांनी आधी स्टूल पलंगापासून लांब ओढलं.

“मी जळून गेली असती ना वं?” सिंधुताईंनी विचारलं.

“नाई हो आई,” रमाबाई म्हणाल्या, आणि खोटं बोलल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या.

नरहरीराव आले. खड्डा पाहिला. “स्टूलच हलकं होतं,” म्हणाले. आणि सकाळी रमाबाई उठून पाहतात तर टॉर्च फरशीवरून उचलून, पुसून, पुन्हा आईच्या उशाशी चार्जिंगला लावलेली. चार्जरवर लहानसा लाल दिवा निर्लज्जपणे पेटलेला.

त्या क्षणी रमाबाईंना उमगलं की या माणसाशी मराठीत, हिंदीत किंवा रडून बोलण्यात काही अर्थ नाही. तो फक्त प्लांटची भाषा ऐकतो.

त्यांनी प्लग काढला. टॉर्च रेतीने भरलेल्या घमेल्यात ठेवून मागच्या व्हरांड्यात नेली. मिठाईच्या डब्याचं लाल झाकण कापलं, त्यावर मार्करने ठळक लिहिलं, ‘काम चालू है. चालू न करें.’ खाली स्वतःचं नाव, रमा बोरकुटे. भोक पाडलं आणि सुतळीने टॉर्चच्या मानेत बांधलं.

प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला बंद केलं की काम करणारा असा लाल टॅग आपल्या नावाने लावतो. ज्याने लावला त्यानेच काढायचा. तोवर कितीही मोठा साहेब येवो, बटणाला बोट लावायचं नाही. दुसऱ्याचा टॅग काढणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं. नरहरीरावांनी हे जेवताना इतक्या वेळा सांगितलं होतं की रमाबाईंना ते वरणासारखं पाठ होतं.

नरहरीराव व्हरांड्यात आले आणि घमेल्यापुढे थांबले. हात पुढे गेला, तसाच मागे आला.

“हे काय आहे?”

“वाचता येते ना तुमाले?”

“काढ.”

“काम व्हायचं आहे अजून.”

“कोणतं काम?”

“मोजा काढा. जुना सेल काढा. पॅसेजमध्ये इन्व्हर्टरवर तो लहान बल्ब लावा. मग मी टॅग काढते.”

“रमा, हे घर आहे. प्लांट नाई.”

“मग काढा तुमीच.”

त्यांनी काढला नाही. दिवसभर घमेल्याभोवती फिरले. चहा घेताना पाहिलं, पेपर वाचताना पाहिलं. एकदा सुतळीला हात लावून, गाठ नीट बसली आहे का ते तपासून परत गेले. टॅग खोटा, मशीन खोटं, लावणारी बायको; पण नियम खरा. तो मोडायची त्यांच्या हातात सवयच नव्हती. संध्याकाळी आईच्या पलंगापाशी जाऊन बसले आणि पोरासारखी तक्रार केली.

“आई, पाहा हिचं. मी तुयासाठी आणली. पुन्हा अंधारात पडू नये म्हणून. आणि हे टॅग लावून राहिली मले!”

सिंधुताईंनी त्यांना जवळ सरकायची खूण केली. मग म्हणाल्या, “मी अंधारात नोती पडली रे.”

“म्हणजे?”

“लाईट होती तवा. साडी पायात आली, पडली. लाईट मंग गेली. तू आला तवा गेलेली होती.”

“मग सांगितलं काऊन नाई?”

“तूच रडत होता, बल्ब नाई लावला, बल्ब नाई लावला म्हणून. मंग रोज बसाले लागला माह्यापाशी. आधी कुठं बसत होता? म्हटलं, राहू दे बाप्पा, चांगलं चाललं आहे.” त्यांनी चादर नीट केली. “पण काल त्या आगीनं मले भेव लागलं. म्हणून सांगून राहिली.”

दारात उभ्या रमाबाईंना कुणावर चिडावं ते कळेना. मुलाने चूक नसताना भरपाई केली, आईने ती मुकाट्याने वसूल केली, आणि मधे जीव टांगणीला लागला तो रमाबाईंचा. त्या तांब्या घेऊन पाणी भरायला गेल्या. बोलायला गेल्या असत्या तर सकाळपर्यंत थांबल्या नसत्या.

नरहरीरावांनी आईचा हात दाबला. मग उठले आणि व्हरांड्यात जाऊन हातमोज्याची शिवण उसवली. आतून जुना सेल निघाला. त्यावरची चिकटपट्टी करपून काळी झाली होती आणि सोललेल्या जागी पत्रा उघडा पडला होता. त्यांनी तो तळहातावर घेतला. तो आता गार होता; पण कालही कोमटच होता, असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

दुसऱ्या सकाळी ते खुर्चीवर चढून आईच्या दारासमोर पॅसेजच्या भिंतीत होल्डर बसवत होते. रमाबाईंनी खुर्ची धरली होती. खोलीतून सिंधुताईंच्या सूचना चालू होत्या.

“डोळ्यावर येते रे. जरा तिकडं कर.”

“इथं?”

“तिथं भिंतीवर सावली पडते. मले झोप नाई येनार.”

“आई, मग कुठं लावू? सांग एकदाचं!”

“मी काय सांगू? तू प्लांटचा साहेब ना?”

नरहरीरावांनी होल्डर पुन्हा काढला आणि वरून बायकोकडे पाहिलं. रमाबाईंनी खुर्ची आणखी घट्ट धरली.

“लावा,” त्या म्हणाल्या. “मी धरली आहे.”